खालची दाढ गेली. इम्प्लांट करायचं तर आधी काय काय विचारून घ्यावं?

अवचित

मंडळी, इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, याबद्दल जरा मार्गदर्शन हवं आहे.

वय ५४. खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ चारेक महिन्यांपूर्वी काढावी लागली. रूट कॅनल होऊन बरीच वर्षं झाली होती, वर कॅप होती, तक्रार काहीच नव्हती. मग हिरडीवर एक पुळी यायला लागली. यायची, फुटायची, पुन्हा यायची. शेवटी डॉक्टर म्हणाले मूळ उभं चिरलंय, ही आता वाचत नाही. काढली. जखम भरली, पण जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते आणि चावायचं सगळं उजव्या बाजूने चाललंय.

दोन डॉक्टर झाले, दोन मतं मिळाली. पहिल्यांनी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, "हाड मस्त आहे, पुढच्या आठवड्यात स्क्रू टाकून घेऊ." दुसऱ्यांनी शुगरचं ऐकलं आणि मान हलवली. "कशाला त्या भानगडीत पडता, ब्रिज करून मोकळे व्हा." ब्रिज म्हणजे दोन्ही बाजूच्या दातांना कॅप घालून मधला दात त्यांना जोडायचा. शुगरला गोळी चालू आहे, मागचं एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ७.१ आलं होतं. खड्ड्याच्या पुढचा दात धडधाकट आहे, मागच्या दाढेत जुनं मोठं सिमेंट भरलेलं आहे.

किती दुखतं, किती वर्षं टिकतं, आणि "एका दिवसात दात" म्हणून जाहिराती दिसतात ते खरं का, हे तर विचारायचं आहेच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, डॉक्टरांना नेमकं काय विचारावं हेच मला कळत नाहीये. ज्यांनी करून घेतलंय किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया लिहावं.

जाता जाता, आईची खालची कवळी अजिबात बसत नाही, बोलताना उचलली जाते. तिच्यासाठी यातलं काही होतं का?

स्पष्टवक्ता

अहो, एक दाढ गेली तर काय आभाळ कोसळलं? बाकीच्या आहेत ना? हे इम्प्लांटचं खूळ म्हणजे दवाखान्याचे हप्ते फेडायची सोय. आमच्या ओळखीत एकाने केलं, वर्षभरात हलायला लागलं, काढून टाकलं. ब्रिज करा नाहीतर तसंच राहू द्या. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

बत्तिशी

अवचित, मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे दात बसवून देणारी. हाडात स्क्रू घालायचं काम आमच्याकडे बहुतेक वेळा सर्जन करतात, त्यावर दात उभा करणं माझ्याकडे. दुसरीकडे घातलेले, अर्धवट राहिलेले, हलणारे, पू झालेले इम्प्लांट माझ्या खुर्चीत सतत येत असतात. त्यामुळे माझी मतं जरा तिखट आहेत. तोंड न बघता निदान करणार नाही, पण कुणाला काय विचारायचं ते सांगू शकते.

सुरुवात दाढ का गेली इथून करा. रूट कॅनल झालेली दाढ ठिसूळ असते, चिरते, हे खरं. पण रात्री दात खाणाऱ्या माणसांच्या जास्त चिरतात. सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला असतो का? पुढचे दात झिजून सपाट झालेत का? घरच्यांना रात्री करकर ऐकू येते का? यातलं काही असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण इम्प्लांटवरही तोच मार बसणार आहे. खऱ्या दाताच्या मुळाभोवती पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा एक पडदा असतो. गाडीच्या शॉकअबसारखं त्याचं काम. तो दाब झेलतो आणि किती दाब पडतोय हे मेंदूला कळवतोही, म्हणून तर बारीकसा खडा दाताखाली आला तरी आपण थबकतो. इम्प्लांटला तो पडदा नसतो, त्याचा टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडाला चिकटलेला असतो. दाब जास्त झाला तर ते सांगत नाही. आधी कॅप धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू ढिला होतो, नाहीतर कॅपचा टवका उडतो. दात खायची सवय असेल तर शेवटी रात्री घालायचा नाईट गार्ड लागणार, तो खर्च आणि ती कटकट आत्ताच हिशेबात धरा.

आता ब्रिज. स्पष्टवक्ता म्हणतात तसा ब्रिज काही वाईट पर्याय नाही. दोन्ही बाजूच्या दातांना आधीच कॅप असत्या तर मी स्वतःच ब्रिज सुचवला असता, सहा महिने कशाला घालवायचे? पण तुमचा पुढचा दात धडधाकट आहे. ब्रिजसाठी तो चहूबाजूंनी घासावा लागेल आणि घासलेलं इनॅमल परत येत नाही. शिवाय तीन दातांचा एकच सांगाडा, त्यातला एक खांब आतून किडला की तिन्ही उतरवावे लागतात. मागच्या दाढेत मोठं सिमेंट आहे म्हणता, तिला कधी ना कधी कॅप लागेलच, पण ती एकटीची करता येते. माझा कल कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल.

तसंच राहू देणं हाही खरोखरचा पर्याय आहे आणि डॉक्टरांनी तो तुमच्यासमोर ठेवायला हवा. सगळ्यात मागची दाढ गेली असती तर मी कितीतरी जणांना "राहू दे" म्हणते. पहिली मोठी दाढ मात्र चावण्यात मोठा वाटा उचलते. ती जागा वर्षानुवर्षं मोकळी ठेवली तर वरची दाढ खाली उतरते, मागची पुढे कलते. मग पाच-सहा वर्षांनी इम्प्लांट करायचं मनात आलं तरी कॅपला उंचीच उरत नाही.

दात काढल्यावर तिथलं हाड झिजतं, उंचीपेक्षा रुंदीला जास्त. पहिल्या वर्षात रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांतच होतं. शिवाय तुमच्या दाढेचं मूळ चिरून पुळी होत होती, म्हणजे गालाच्या बाजूचं हाड आधीच खाल्लं गेलेलं असण्याची शक्यता आहे. म्हणून "ओपीजीत हाड मस्त आहे" हे वाक्य वाचून माझ्या कपाळाला आठी पडली. ओपीजीत उंची दिसते, तीही मोठी होऊन. रुंदी दिसतच नाही. समोरून रुंद दिसणारी भिंत वरून पाहिल्यावर चार मिलिमीटरची निघते. खालच्या दाढांखालून ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिच्यापासून निदान दोन मिलिमीटर लांब राहावं लागतं. जिभेच्या बाजूला हाड आत वळलेलं असतं, तिथे ड्रिल बाहेर निघालं तर तोंडाच्या तळाशी धोकादायक रक्तस्राव होऊ शकतो. हे सगळं सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनमध्ये दिसतं. तो काढा, आणि डॉक्टरांना म्हणा, "मला पडद्यावर दाखवा. नस कुठे आहे, तुम्ही घालणार तो स्क्रू किती लांब, किती जाड, आणि तो कुठे बसणार?" चांगल्या सर्जनला हा प्रश्न आवडतो. ज्यांना नाही आवडला, त्यांच्याबद्दल तुम्हाला एक माहिती फुकटात मिळाली.

शुगर. दुसऱ्या डॉक्टरांची भीती निम्मी बरोबर. अनियंत्रित मधुमेहात जखम भरत नाही, हाड धरत नाही. पण ७.१ म्हणजे बऱ्यापैकी आटोक्यात. आमच्याकडे ८ च्या पुढे असेल तर आधी साखर, मग स्क्रू. तुम्हाला कुणी फक्त यासाठी अडवू नये. शस्त्रक्रियेच्या आधी ताजी तपासणी मात्र करून घ्या. मागचं एचबीएवनसी म्हणजे नेमकं कधीचं?

सिगारेट किंवा तंबाखू असेल तर तो विषय शुगरपेक्षा मोठा आहे. तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून नसेल असं धरते. असेल तर लपवू नका.

ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का, हेही बघा. येत असेल तर आधी हिरड्यांचे उपचार. पायरिया असलेल्या तोंडात इम्प्लांट घालणं म्हणजे ज्या जंतूंनी दाताचं हाड खाल्लं त्यांनाच नवं घर देणं. हे ऐकून लोक वैतागतात, कारण ते दात "लावून घ्यायला" आलेले असतात आणि आम्ही दोन महिने साफसफाई सांगतो.

दुखण्याबद्दल. स्थानिक भूल देऊन करतात, दात काढताना जेवढं होतं त्यापेक्षा सहसा कमीच होतं. जबड्यात घरघर जाणवते, पाण्याचा फवारा सतत चालू असतो. ते पाणी महत्त्वाचं आहे, कारण हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी तिथल्या पेशी मरू शकतात. म्हणून ड्रिल हळू फिरवतात आणि एकदम जाड ड्रिल न वापरता बारीकपासून क्रमाने जाड करत नेतात. सर्जनला वेळ लागतोय म्हणून चुळबुळ करू नका. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढत गेलं तर फोन करायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असेल तर फोन करायचा तो त्याच दिवशी, "बघू दोन दिवस" करत बसायचं नाही. नसेवर दाब असेल तर स्क्रू पहिल्या दिवस-दीड दिवसात मागे घेण्याला अर्थ असतो.

आता लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट. स्क्रू घातल्या घातल्या तो घट्ट असतो, कारण तो हाडात आवळलेला असतो. मग शरीर ते आवळलेलं हाड विरघळवून नवं तयार करतं. या अदलाबदलीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास स्क्रूची पकड सर्वांत कमी असते. नेमक्या त्याच वेळी पेशंटची सूज गेलेली असते, टाके निघालेले असतात, त्याला एकदम बरं वाटत असतं आणि तो त्या बाजूने कडक चावायला सुरुवात करतो. खालच्या जबड्यात साधारण दोन ते तीन महिने, वरच्यात तीन ते सहा महिने थांबावं लागतं. हाड कमी असेल, भर घातली असेल तर आणखी.

"एका दिवसात दात" खोटं नाही, पण अर्धं वाक्य आहे. पुढच्या दाताला त्याच दिवशी तात्पुरता दात देतात, दिसायला. तो समोरच्या दाताला टेकणार नाही असा मुद्दाम आखूड ठेवतात. पूर्ण बोळक्या जबड्यात चार किंवा जास्त इम्प्लांट एका पट्टीने जोडून त्यावर त्याच दिवशी दात देतात, कारण ते एकमेकांना धरून असतात. तुमची एकटी मोठी दाढ, तीही चावायची. मी तरी घाई करणार नाही.

मग माझं काम. हाडातला स्क्रू हा एक भाग, त्यावर अबटमेंट म्हणजे जोडखुंटी हा दुसरा, आणि कॅप तिसरा. खर्चाचा आकडा सांगतात तेव्हा तो यातल्या कशाकशाचा आहे हे लेखी घ्या. स्कॅन, हाडाची भर, हिरडीला आकार देणारी टोपी, जोडखुंटी, कॅप. पुष्कळदा सुरुवातीचा आकडा फक्त पहिल्या भागाचा असतो. कॅप सिमेंटने चिकटवणार की स्क्रूने, हेही विचारा. दाढेला जमत असेल तर मी स्क्रूची बाजू घेते. वर एक छोटं भोक असतं, त्यात आत पांढरी टेफ्लॉनची पट्टी दाबतात (नळ दुरुस्तीला प्लंबर वापरतो, तीच) आणि वरून दाताच्या रंगाचं सिमेंट भरतात. उद्या काही बिघडलं तर भोक उघडून दहा मिनिटांत कॅप खाली. चिकटवलेल्या कॅपमध्ये जास्तीचं सिमेंट हिरडीखाली घसरतं आणि तिथेच राहतं. खूप वर्षांनी पू घेऊन आलेल्या पेशंटच्या हिरडीखालून असे पिवळट खडे मी काढते आणि त्यांच्या तळहातावर ठेवते. त्यांना वाटतं दाताचा तुकडा पडला.

स्पष्टवक्ता, तुमच्या ओळखीच्यांचं नेमकं काय हललं? स्क्रू की वरची कॅप? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हाडातला स्क्रू हलला तर तो गेलाच, काढावाच लागतो. पण बऱ्याचदा आतला बारीक स्क्रू सैल झालेला असतो, तो बदलून आवळला की काम होतं. हलणाऱ्या कॅपवर मात्र चावत राहू नये, तो बारीक स्क्रू आतच तुटला तर काढताना घाम फुटतो.

निळाई

बत्तिशी, फार उपयोगी लिहिलंत. माझा अनुभव देते.

वरचा पुढून चौथा दात, इम्प्लांट होऊन बरीच वर्षं झाली, उत्तम चाललं होतं. मग दुसऱ्या गावी राहायला गेल्यावर कॅप किंचित हलायला लागली. इथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या कंपनीचा आहे?" मला काय माहीत! जिथे बसवला तो दवाखाना बंद झालेला, फोन लागत नाही. तीन डॉक्टरांकडचे स्क्रू आवळायचे पाने बसेनात. एकाने एक्स-रेवरचा आकार बाकी कंपन्यांच्या चित्रांशी ताडून बघत बघत शेवटी ओळखला. तोवर मी त्या बाजूने पातळसर खाऊन होते. स्क्रू आवळायचं काम स्वतः इतकं किरकोळ होतं की हसू आलं.

अवचित, जे काही आत घालतील त्याचं नाव-गाव लिहून घ्या.

बत्तिशी

निळाई, हे मी लिहायला हवं होतं. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर चिकटपट्टीचं लेबल असतं, त्यावर कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असतो. सोलून पेशंटच्या कार्डावर लावायला जास्तीची लेबलं त्यातच येतात. बाजारात शेकडो प्रकार आहेत आणि एकाचा पाना दुसऱ्याला बसेलच असं नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशीच लेबल मागा, फोटो काढून ठेवा, जोडखुंटीचंही लिहून घ्या. कॅप बसवल्याच्या दिवशीचा एक्स-रेसुद्धा स्वतःजवळ ठेवा. पुढे हाड कमी झालं का हे कशाशी तरी ताडून बघावं लागतं, आणि तो पहिला एक्स-रे नसेल तर नुसता अंदाज.

अवचित

सगळ्यांचे आभार. बत्तिशी, सिगारेट-तंबाखू नाही. एचबीएवनसी तुम्ही विचारल्यावर बघितलं, जुनं निघालं, नवीन करतो. रात्री दात खातो का म्हणून बायकोला विचारलं, ती म्हणाली "इतकी वर्षं मी काय सांगतेय!" तेव्हा तो प्रश्न मिटला.

टिकतं किती, ते राहिलं. "लाइफटाइम गॅरंटी" म्हणून कार्ड देतात म्हणे. आणि आईबद्दल लिहा. वय ७८, खालचा एकही दात नाही. हाडं ठिसूळ आहेत म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून औषध देतात.

बत्तिशी

बायकोचं ऐकत जा.

गॅरंटी कार्डावर बहुतेक वेळा कंपनी धातूचा तुकडा बदलून द्यायला तयार असते. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा हाडाची भर, तुमचे गेलेले सहा महिने यांचा त्यात उल्लेख नसतो. बारीक अक्षरं वाचा. तपासणीला नियमित आला नाहीत तर गॅरंटी रद्द, असंही कलम असू शकतं, आणि त्यात कंपनीला मी दोष देणार नाही.

टिकण्याबद्दल आम्हाला शिकताना एक गोष्ट सांगतात. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून आतलं रक्ताभिसरण बघत होते. प्रयोग संपल्यावर महागडी नळी काढायला गेले, तर निघेना, हाडाने धरून ठेवली होती. त्यातून हे सगळं शास्त्र निघालं. १९६५ मध्ये योस्ता लार्सन या गृहस्थाला त्यांनी पहिले इम्प्लांट बसवले. २००६ मध्ये ते वारले तेव्हाही ते दात कामात होते, म्हणजे चाळीस वर्षं. हा एक माणूस झाला, नियम नाही. एकूण बघितलं तर दहा वर्षांनी शंभरातले नव्वदहून जास्त इम्प्लांट तोंडात असतात. पण "तोंडात आहे" आणि "निरोगी आहे" यात फरक आहे.

इम्प्लांटला कीड लागत नाही, यावर लोक इतके खूश होतात की ब्रश करायचं सोडतात. कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजते, आणि दुर्लक्ष केलं तर खालचं हाड झिजायला लागतं. वाईट भाग म्हणजे दुखत नाही. दाताला ठणका लागतो म्हणून माणूस येतो, इम्प्लांट मात्र गपचूप हाड गमावत बसतो. हिरडी नुसती सुजलेली असते तोवर साफसफाईने पूर्ण पूर्ववत होते. एकदा हाड गेलं की परत आणणं फार कठीण. म्हणून तिथे ब्रश करताना रक्त दिसलं तर कितीही थोडं असो, दाखवायचं. बाजूच्या फटीत घालायचा बारीक गोल ब्रश मिळतो, त्याची तार प्लॅस्टिकने मढवलेली हवी. कोणत्या मापाचा, ते कॅप बसवणाऱ्याकडून तोंडात घालून ठरवून घ्या. कॅप फार फुगीर केली तर तो ब्रश आत जातच नाही. म्हणून मी कॅप कायमची आवळायच्या आधी पेशंटच्या हातात आरसा आणि ब्रश देते आणि सांगते, घाला बघू. नाही गेला तर कॅप परत लॅबमध्ये. तुम्ही हे मागून करून घ्या.

आता आई. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट आणि त्यावर टिचकन बसणारी कवळी, ही फार चांगली सोय आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये तज्ज्ञांची बैठक झाली होती. खालच्या बोळक्या जबड्यासाठी साध्या कवळीऐवजी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा, असं तिथे ठरलं. पुढच्या भागात ती नसेची भीतीही कमी. कवळी रात्री काढायची, धुवायची, आतली प्लॅस्टिकची टिकली झिजली की बदलायची, बस.

पण ते सलाइनमधलं औषध. ते बहुधा झोलेड्रॉनिक अॅसिड असेल, कागद बघून खात्री करा. ही औषधं हाडाची झीज थांबवतात, त्याबरोबर हाडाची दुरुस्तीही मंदावते. क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं आणि भरत नाही. कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत देतात तेव्हा हा धोका बराच असतो. ठिसूळपणासाठीच्या मात्रेत तो कमी आहे, पण शून्य नाही, आणि औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. त्यामुळे "इम्प्लांट अजिबात नाही" असंही नाही आणि "काही होत नाही" असंही नाही. किती वर्षं घेताहेत, सोबत स्टेरॉइड आहे का, हे बघून तिचे डॉक्टर आणि दाताचे सर्जन यांनी एकमेकांशी बोलायला हवं. तोंडी निरोप नको, चिठ्ठी. आणि दातासाठी म्हणून ते औषध आपल्या मनाने थांबवू नका. हाडांच्या याच त्रासासाठी दर सहा महिन्यांनी घ्यायचं एक इंजेक्शन असतं, डेनोसुमॅब, ते लांबवलं तर मणके मोडण्याचा धोका वाढतो.

त्याआधी एक साधी गोष्ट करून बघा. कवळी किती जुनी आहे? जबडा झिजत जातो, कवळी तेवढीच राहते. आतून नवा थर देऊन किंवा नीट माप घेऊन नवी केली तर निम्म्या लोकांचं भागतं, हा माझा खुर्चीतला अंदाज, आकडेवारी नाही. ७८ व्या वर्षी शस्त्रक्रिया न करता भागलं तर ते पहिलं.

स्पष्टवक्ता

त्यांना विचारलं. कॅपच हलत होती म्हणे. डॉक्टरांनीच काढू म्हटलं, यांनी काढून दिलं.

बत्तिशी

स्पष्टवक्ता, तो एक्स-रे बघितल्याशिवाय काही बोलत नाही. पण असं कुणी म्हणालं तर दुसरं मत घ्यायला एक दिवस तरी असतोच.

अवचित

अपडेट. तिसऱ्या ठिकाणी गेलो, सीबीसीटी काढला, पडद्यावर दाखवा म्हटलं. सर्जनबाईंनी खुर्ची ओढून बसवलं आणि सगळं दाखवलं. नसेपर्यंत १४ मिलिमीटर उंची आहे. रुंदी वरच्या टोकाला साडेसहा, पण गालाच्या बाजूला एक खळगा आहे, मूळ चिरलं होतं तिथेच. ४.३ जाडीचा, १० लांबीचा घालू आणि खळग्यात हाडाची पूड भरू म्हणाल्या. एचबीएवनसी ६.९ आलं.

दोन शंका. ही हाडाची पूड कसली असते? आणि त्या दिवशी उपाशी जायचं का, शुगरची गोळी घ्यायची का? विचारायचं राहून गेलं.

बत्तिशी

नसेपासून चार मिलिमीटर अंतर राहतं, छान. रुंदी काठावरची आहे, म्हणून पूड म्हणाल्या ते पटतं.

पूड चार प्रकारची मिळते. तुमच्याच जबड्यातून खरवडलेली, दुसऱ्या माणसाच्या हाडावर प्रक्रिया केलेली, प्राण्याच्या (बहुधा गायीच्या) हाडापासून केलेली, आणि पूर्णपणे कृत्रिम. प्राण्याची फार वापरली जाते कारण ती सावकाश विरते आणि आकार धरून ठेवते. तुम्हाला त्यातली एखादी चालत नसेल तर आधी सांगायचं, पर्याय असतो. खळगा लहान असेल तर पुष्कळदा ड्रिल करताना निघालेला तुमचाच चुरा वापरून भागतं. वरून झाकायचा पडदाही कशापासून केलेला आहे ते विचारा, तोही अनेकदा प्राण्यापासूनचा असतो.

उपाशी अजिबात जायचं नाही. स्थानिक भुलीला पोट रिकामं लागत नाही आणि शुगरवाल्याने तर उपाशी खुर्चीत बसूच नये. सकाळची वेळ घ्या, नेहमीसारखं खाऊन, नेहमीची गोळी घेऊन जा. गुंगीचं इंजेक्शन देणार असतील तर मात्र नियम वेगळे, मग त्यांनाच विचारा. नंतर भूल उतरेपर्यंत त्या बाजूने चावू नका, ओठ चावला जातो आणि कळत नाही. पहिल्या दिवशी जोरात चूळ भरायची नाही, स्ट्रॉने ओढून प्यायचं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतः बंद करू नका. बाकी, लेबल मागायला विसरू नका.